गरी घेऊन दक्षिणेकडे: रत्नागिरी ते देवबाग

बाबा बँकेत होते, मच्छीमार नव्हते. पण रविवारी पहाटे भाट्याच्या पुलाजवळ गरी टाकून बसणारा माणूस म्हणूनच रत्नागिरीत त्यांना जास्त लोक ओळखत. ते गेल्यावर माझ्या वाट्याला त्यांची काठी, एक जुनं रीळ आणि एक वही आली. वहीत प्रत्येक रविवारची तिथी, जागा, मासा आणि लांबी आहे. लांबी वीत आणि हात या मापांत. पैशांचा आकडा कुठेच नाही, कारण त्यांनी मासा कधी विकला नाही.

मीही गरवते. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते, गरी म्हणजे गळ आणि गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं. पुण्यात राहते, वर्षातून चार-पाच वेळा किनारा गाठते. गेल्या पावसाळ्यात घरी जेवायला आलेली, प्रवाळांवर काम करणारी माझी एक जुनी मैत्रीण बोलता बोलता म्हणाली, "कोळ्याला पोट आहे, माशाला जीव आहे. तुम्हा हौशी लोकांना काय आहे? समुद्रात तुमचा हक्क कसला?"

मला उत्तर देता आलं नाही. राग आला, पण रागाला उत्तर म्हणता येत नाही. म्हणून मार्गशीर्षात पाच दिवसांची सुट्टी काढली. बाबांची वही, शिंप्याकडची मोजपट्टीची फीत आणि काठी घेऊन निघाले.

पहिला दिवस, शुद्ध दशमी: रत्नागिरी

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे गणित कोकणातल्या मुलांना पाढ्यांबरोबर येतं. दशमीची पाऊणपट साडेसात. म्हणजे साडेसहाला भाट्याच्या तोंडाशी उभं राहायला हवं. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. पलीकडे सुरूचं बन, अलीकडे वाळूचा दांडा. भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे दिवस संपत आले होते, पाण्याला अजून जोर नव्हता. अशा पाण्यात मुडदुसे मिळतात. कोळंबीचा तुकडा लावून तासाभरात सात धरले. चार ठेवले. तीन बोटभरच होते, ते सोडले.

हात ओला करून मासा सोडायचा, हे बाबांनी शिकवलं होतं. कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर चिकटून येतो. तो थर म्हणजे त्याची कातडी, त्याचं औषध. तो गेला की मासा पाण्यात जातो खरा, पण दोन-चार दिवसांनी रोगाने मरू शकतो, आणि आपण मात्र सोडल्याच्या समाधानात घरी गेलेले असतो.

दुपारी दीडला पाणी पूर्ण उतरलं आणि वाळूवर बायका आल्या. हातात कोयता, कमरेला टोपली. तिसऱ्या आणि मुळे, म्हणजे शिंपले, काढायला बसल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांतल्या एक मावशी घरच्यापुरत्या काढत होत्या, दुसऱ्या विकायला. तिसऱ्या मावशी म्हणाल्या, "मुलगी माहेरी आल्ये, तिला आवडतात म्हणून." म्हणजे ही हौसच झाली. एकच वाळू, एकच कोयता, आणि तिघींची कारणं तीन. यांच्याकडे बोट नाही, परवाना नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि त्याची सगळी बांधणी नौकेभोवती आहे: नौकेची नोंद, नौकेचा परवाना, नौकेवरचं जाळं. पायी चालत समुद्रात उतरणारं माणूस त्या कायद्याच्या नजरेत जवळपास नाहीच. ना या बायका, ना मी.

मैत्रिणीने केलेली पोट आणि हौस ही वाटणी पहिल्याच दिवशी मला कच्ची वाटायला लागली.

संध्याकाळी मिरकरवाडा बंदर. इथला गोंगाट लहानपणापासून ओळखीचा. एका कोपऱ्यात वर्गवारी न केलेल्या बारक्या मासळीचा ढीग होता, कुटीला जाणारा. ती वाळवून दळतात आणि कोंबड्यांच्या, कोळंबीच्या खाद्यात जाते. ढिगात मी वाकून पाहिलं. तळहाताएवढंही नसलेलं पापलेट होतं. २०२३ च्या सप्टेंबरात हेच पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. त्याच वर्षी शासनाने ५४ जातींची किमान मापं ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, घोळ ७०० मिलिमीटर. त्याहून लहान धरायचा नाही, विकायचा नाही. कारण साधं आहे, माशाला एकदा तरी अंडी घालू द्यावीत. नियम कागदावर चांगला आहे आणि ढीग समोर होता. ढिगाच्या मालकाला विचारलं तेव्हा तो चिडला नाही, थकलेल्या आवाजात म्हणाला, "ताई, जाळ्याला आकडे वाचता येत नाहीत."

खरं आहे. जाळ्यात आलेला बारका मासा वर येईपर्यंत बहुधा मेलेला असतो. पण माझ्या गरीला आकडे वाचता येतात. मी एक मासा धरते, तो जिवंत असतो, मी तो मोजू शकते आणि परत सोडू शकते. मापाचा नियम पाळणं ज्याला सर्वांत सोपं आहे, त्याच्याकडूनच तो पाळून घेण्याची व्यवस्था नाही. ही गोष्ट त्या रात्री वहीत लिहून ठेवली.

दुसरा दिवस, एकादशी: विजयदुर्गपर्यंत

पावस, पूर्णगड, गावखडी, आडिवरे, जैतापूर. खाड्यांवर पूल झाल्यापासून हा रस्ता सरळ झाला आहे. त्या पुलांवर आता शनिवार-रविवारी काठ्या घेतलेली पोरं ओळीने उभी असतात, कोल्हापूरची, पुण्याची, मुंबईची. बाबांच्या वेळी खाडीवर गरवणारा माणूस गावातलाच असे, त्याला कोणीतरी ओळखत असे. आता पुलावरच्या माणसाला कोणी ओळखत नाही आणि तोही खाडीला ओळखत नाही. एका पुलावर दोन मुलं वीतभर पालू मासे बादलीत टाकत होती. बादलीत पंधरा-वीस होते. "एवढ्यांचं काय करणार?" म्हटल्यावर एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. मी फीत काढून मोजून दाखवलं. त्यांनी सात-आठ सोडले. दोन उलटे तरंगत गेले. बादलीतलं पाणी तापलं होतं.

विजयदुर्गला मामांकडे मुक्काम. मामा पोस्टातून निवृत्त. गेली चाळीस वर्षं वाघोटणच्या खाडीत हाताने तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, सोडून गरवतात, काठी नाही, रीळ नाही. मी पोचले तेव्हा ते ओसरीवर बसले होते. "आज एकादस," म्हणाले, "आज गरी हातात घेवची नाय."

तोच विषय निघाला. श्रावणात बाबाही गरीला हात लावत नसत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही तर सगळ्या किनाऱ्याची रीत. सरकारची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, आणि तीही यांत्रिक नौकांना. नारळी पौर्णिमा येते बहुधा ऑगस्टात. म्हणजे जुनी बंदी सरकारी बंदीहून लांब होती, आणि ती गरवणाऱ्यालाही लागू होती, कारण ती नौकेवर नव्हती, माणसाच्या मनावर होती. माझ्या पिढीतल्या कितीजणांच्या मनावर ती उरली आहे? पावसाळ्यात बोटी बंद, मासा महाग, खाडीचं पाणी गढूळ, आणि सुट्टीवर आलेला हौशी माणूस नेमका तेव्हाच खाडीच्या तोंडाशी काठी घेऊन उभा.

आणि त्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी कोण असतं? चोणक. रायगडात जिताडा म्हणतात तो. वर गोड्या पाण्यापर्यंत जाणारा हा मासा पावसाळ्यात अंडी घालायला खाडीच्या मुखाशी उतरतो. त्याची दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. चोणक बहुधा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, साधारण हातभराहून बराच मोठा झाला की मादी होतो. मोठी चोणक म्हणजे मादी. ज्या माशाबरोबर फोटो काढायला सगळे हौशी तडफडतात, तीच खाडीची आई असते. खडकात राहणाऱ्या गोबरा माशाचं उलट आहे. तो आधी मादी असतो, मोठे होतात त्यांतले काही नर होतात. तिथे मोठे काढत राहिलं तर नरच संपतात.

मामांना हे पुस्तकातून ठाऊक नव्हतं, पण ठाऊक होतं. "मोठी मादी काढलंत तर पुढच्या पावसाक पिल्लां खंयसून येतली?" असं म्हणून त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात हाच मासा आहे, अगदी हीच जात. तिथे हौशी माणसाने ५८ सेंटिमीटरहून लहान ठेवायचा नाही आणि १२० सेंटिमीटरहून मोठाही ठेवायचा नाही. लहान अजून वाढायचा असतो आणि मोठी मादी असते, म्हणून दोन्हीकडून बंधन. पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी, म्हणजे त्यांच्या विणीच्या दिवसांत, तो धरायचाच नाही. मी हे सांगितल्यावर मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तेंची पण एकादस आसा."

तिसरा दिवस, द्वादशी: मालवण

देवगड, आचरा मागे टाकून दुपारी मालवण. मैत्रिणीचा प्रश्न खरा इथलाच होता, म्हणून मालवणला दोन दिवस राखून ठेवले होते.

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक त्यात येतात. बाकीचं भोवतीचं राखीव क्षेत्र. या खडकांवर प्रवाळ आहेत, हे आज इथे बुडी मारणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला माहीत आहे. ते वाचवायला हवेत, याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. पण अभयारण्याला इथल्या मच्छीमारांचा पहिल्यापासून विरोध आहे, आणि तो अडाणीपणातून आलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात न्हय, म्हणजे जाळी, लावली, त्या पाण्यावर कोणीतरी कागदावर रेघ मारली आणि आधी विचारलं नाही, हे त्यांचं दुःख आहे.

माझ्या ओळखीचा एक मुलगा पर्यटकांना पाण्याखाली नेतो. त्याचे वडील गाबीत, अजूनही मासेमारी करतात. त्याच्याबरोबर मी पाण्यात उतरले. काठी खोलीवर ठेवली होती. गाभ्यात गरी टाकायची नाही, हे निघतानाच ठरवलं होतं. डिसेंबरातलं पाणी, तरी थोडं गढूळ. मेंदूसारखे गोल प्रवाळ, त्यांच्यावर पोपटी-निळे मासे, कपारीतून डोकावणारा एक गोबरा. आणि एका प्रवाळाला गुंडाळलेली तंगूस, हिरव्या शेवाळाने मढलेली. त्याने चाकूने ती कापली, कमरेच्या पिशवीत घातली. वर आल्यावर बोटीतली गोणी दाखवली. गेल्या काही महिन्यांत गोळा केलेलं सगळं तिच्यात होतं.

मी ती गोणी ओतली आणि बसून निवडायला घेतली. बरंचसं जाळ्यांचं होतं, फाटके तुकडे, दोऱ्या, तरंड्या. पण गऱ्याही होत्या, शिसं होतं, आणि रंगीत प्लास्टिकचे कृत्रिम मासे होते. इथला कोळी ते वापरत नाही. ते आमचे. एक तर मी स्वतः वापरते त्याच रंगाचा होता. "माझी एक गरी काय करणार" असं आजवर मी स्वतःला सांगत आले होते. त्या गोणीत अशा कितीतरी एकेक गऱ्या होत्या.

पण त्याच बोटीवरून दुसरंही दिसलं. पर्यटकांच्या होड्या खडकांवर नांगर टाकत होत्या. फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पाव टाकले जात होते. नांगर एका फटक्यात जे मोडतो ते वाढायला प्रवाळाला कित्येक वर्षं लागतात. पाहणारा तेवढा निर्दोष आणि धरणारा तेवढा दोषी, असं इथे नाही. मुलगा म्हणाला, पाण्यात कायमच्या बोया बांधून द्या, नांगर कोण टाकेल? एवढी साधी गोष्ट आहे.

रात्री खोलीवर वन्यजीव संरक्षण कायदा उघडून बसले. १९७२ चा कायदा, त्यात १९९१ च्या दुरुस्तीने आलेलं २६-अ कलम. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज आधी केली पाहिजे, असं त्यात आहे. तेव्हा मालवणची घोषणा होऊन चार वर्षं झाली होती. चांगलं कलम आहे, फार आधी यायला हवं होतं. पण माझं बोट "व्यवसाय" या शब्दावर अडलं. ज्याचा व्यवसाय नाही त्याचं काय? रविवारी जेटीवर बसणारे निवृत्त मास्तर, शाळा सुटल्यावर खडपावर पळणारी पोरं, माहेरवाशिणीसाठी तिसऱ्या काढणारी आई. यांचा समुद्राशी संबंध आहे आणि कायद्यात त्याला नाव नाही.

ग्रेट बॅरियर रीफचा नकाशा मैत्रिणीनेच मला कधीतरी दाखवला होता. १ जुलै २००४ पासून तिथे एक तृतीयांश भागात मासा धरायला पूर्ण बंदी झाली. त्याआधी अशी बंदी पाच टक्क्यांहूनही कमी भागात होती. पण त्याच नकाशात पिवळे पट्टेही आहेत. तिथे जाळं ओढायचं नाही, पण एका माणसाला एक दोरी आणि एक गळ चालतो. बंद, खुलं आणि मधलं. आपल्याकडे मधलं काही नाही. कागदावर सगळं बंद, पाण्यात सगळं खुलं.

चौथा दिवस, त्रयोदशी: दांडी, आणि बाहेरचं पाणी

पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर रापण. होडीने अर्धगोल जाळं टाकून दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायच्या. मीही दोरीला हात लावला. पाऊण तास ओढत होतो. जाळं वर आलं तेव्हा थोडे पेडवे, थोडे बांगडे, एक बुरयाटा. जुने लोक सांगतात ती रापण आता लागत नाही. वाटणी झाली. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. मला मूठभर पेडवे द्यायला एक काका पुढे आले. मी नको म्हटलं तर रागावले. "दोरयेक हात लायलंस मां? मगे वाटो घेवचो." मी घेतले. हक्काचा हा हिशेब मला फार आवडला. हात लावला तर वाटा आहे, पण आधी हात लावला पाहिजे.

त्यातलेच एक काका दुपारी मला त्यांच्या होडीतून बाहेर घेऊन गेले. पंधरा-सोळा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात खडक आहे, तिथे गोबरे लागतात. मी गरी सोडली आणि पहिलाच मासा लागला. दीड वीत. ठेवण्याजोगा नव्हता. वर आला तेव्हा पोट फुगलेलं, डोळे बाहेर आलेले. खोल पाण्यातून झटकन वर ओढलं की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. मग तो खाली जाऊ शकत नाही. मी तो सोडला. तो आडवा तरंगत राहिला, शेपूट हलवत. आम्ही दोघं बघत होतो. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड आला आणि घेऊन गेला.

"धरून सोडते" असं आजवर मी अभिमानाने सांगत आले आहे. इथे मी धरला, सोडला आणि मारला.

यावर उपाय आहे आणि तो मला वाचून माहीत होता, फक्त मी कधी केला नव्हता. गरीचा काटा, म्हणजे टोकाजवळचा उलटा दात, कापून टाकायचा, ती उलटी बांधायची, खाली जड शिसं लावायचं. मासा तिच्यात ओठाने अडकवून हळूहळू तळाला न्यायचा. खालच्या दाबाने पिशवी पुन्हा आकसते, आणि वरून झटका दिला की मासा सुटतो. पुढचा गोबरा आम्ही तसा खाली पोचवला. काकांना ही युक्ती पटली. पण त्यानंतर मी गरी गुंडाळली. एवढ्या खोल पाण्यातून केवळ हौसेसाठी मासा वर ओढायचा नाही, हे माझ्यापुरतं तिथेच ठरलं.

परतताना काकांनी कासवाची गोष्ट सांगितली. जाळ्यात कासव आलं, जाळं कापून सोडलं, फोटो काढून पाठवला. अशा संरक्षित जिवासाठी जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, ही योजना राज्यात २०१८ पासून आहे. "आदी आमी गुपचूप सोडू. आता नाव लागता," म्हणाले. पैशाइतकंच त्यांना नाव लागण्याचं अप्रूप होतं.

रात्री तारकर्लीच्या वाळूवर उभी राहिले तर पश्चिमेला क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड. एलईडीच्या बोटी. दिव्याने मासळी ओढून ती घेरायची. केंद्राने २०१७ मध्ये यावर बंदी घातली, राज्याने २०२१ मध्ये कायदा बदलून दंड लाखांत नेला. उजेड मात्र समोर दिसत होता. राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत, त्यापलीकडे केंद्र. माझ्याजवळ उभ्या असलेल्या काकांनी फक्त हात वर करून तिकडे दाखवलं. अभयारण्याची रेघ पाळायला न्हयवाल्याला सांगताना, गरवणाऱ्याला सांगताना, सांगणाऱ्याने एकदा या वाळूवर रात्री उभं राहावं. मला रेघ मान्य आहे. आधी मला मोजा, माझी नोंद करा, माझ्या गरीला माप आणि महिने ठरवून द्या. हे सगळं मी पाळीन. पण त्या उजेडालाही कोणीतरी मोजायला हवं.

पाचवा दिवस, चतुर्दशी: देवबाग

भरती साडेदहाला. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये देवबागची चिंचोळी पट्टी आणि टोकाला संगम. उधाणाचं पाणी भरून आलं होतं. मी ओहोटी लागायची वाट पाहत बसले. पलीकडे दहा पावलांवर एक आबा हातात तंगूस घेऊन उकिडवे बसलेले. माझी काठी त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली, काही बोलले नाहीत.

अकराच्या सुमारास पाणी उलटलं. जिवंत बोईट मासा आमिष लावून गरी सोडली. दोनदा टोचून गेली. तिसऱ्यांदा रीळ ओरडलं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मासा दोनदा पाण्याबाहेर उसळला. उन्हात त्याचं अंग रुप्यासारखं झळाळलं आणि आबा उठून उभे राहिले. गुडघाभर पाण्यात उतरून मी त्याला आणला. चोणक. गरी ओठाच्या कोपऱ्यात, काटा आधीच चपटा केलेला, लगेच निघाली. पाण्यातच फीत लावली. ९१ सेंटिमीटर.

म्हणजे बहुधा मादी. विणीचा काळ नव्हता, पण पुढच्या पावसाळ्यात ती याच तोंडाशी असणार होती. तिचं तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवलं. कल्ले संथ हलायला लागले. मग एक जोराचा फटकारा आणि माझ्या हातात नुसतं पाणी.

"गो बाय," आबा म्हणाले, "सोडूचीच होती तर धरलंस कित्याक?"

मी सगळं सांगितलं. नर, मादी, पाऊस, पिल्लं. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "नऊ-दहा किलो होती. माझ्या घरातले आठ दिस निघाले असते."

मला बोलता येईना. ते रागाने बोलले नव्हते, त्यामुळे जास्तच. माझ्याकडे ती सोडण्याइतकी सुबत्ता होती. तिला वाचवलं ते माझ्या पगाराने. मैत्रिणीने विचारलं होतं ते बरोबरच होतं, फक्त अर्धं होतं. माझा हक्क आहे, पण तो या माणसाच्या मागे उभा राहूनच आहे. मासा कमी असेल तेव्हा पहिल्यांदा मी थांबायचं, मग त्यांनी. मोठी मादी सोडण्याचा नियम झाला तर तो पहिल्यांदा माझ्यावर यायला हवा, आणि त्यांच्यावर आला तर कासवासारखी त्याची भरपाईही यायला हवी.

माझ्या डब्यात दोन बोईट जिवंत होते. मी आबांना विचारलं. त्यांनी डबा घेतला, एक बोईट निवडला आणि पाठीत, अगदी कल्ल्याच्या मागे, माझ्याहून किती तरी हलक्या हाताने गरी लावली. मग ते माझ्या जागेकडे बघायला लागले. तिथे प्रवाह वाळूच्या दांड्याला वळसा घेतो, मासा तिथेच असतो, हे दोघांनाही माहीत होतं. मी काठी उचलून बाजूला झाले. आबा तिथे जाऊन उकिडवे बसले आणि तंगूस सोडली.

मी वाळूवर बसून वही उघडली. बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली बरीच पानं कोरी आहेत. लिहिलं: मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी, देवबाग संगम, ओहोटी लागताना. चोणक, ९१ सेंमी, सोडली. खाली एक ओळ मोकळी ठेवली, आबांना काही लागलं तर लिहायला.